मैदानाच्या पोटापासून फाटकापर्यंत: नेरूळचे स्टेडियम कसे चालते

भारताच्या फुटबॉल संघाचे हक्काचे असे एकच राष्ट्रीय स्टेडियम नाही. इंग्लंडला वेम्ब्ली आहे. आपल्याकडे सामना कधी कोलकात्याच्या सॉल्ट लेकला होतो, कधी दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर, तर कधी गोव्यात मडगावजवळच्या फातोर्ड्याला. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या अलीकडच्या मोठ्या स्पर्धांचे बरेच महत्त्वाचे सामने नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. भंडाऱ्याहून ते राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तरीही ते कसे चालते हे आपण समजून घ्यावे, कारण त्यातल्या निम्म्या गोष्टी साकोली, तुमसर किंवा पवनीच्या शाळेच्या मैदानालाही जशाच्या तशा लागू पडतात.

आधी थोडा इतिहास. हे स्टेडियम ४ मार्च २००८ रोजी खुले झाले. रचना वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांची. ते सरकारी नाही, खासगी आहे आणि मुळात क्रिकेटसाठी बांधलेले आहे. त्याच वर्षी १ जूनला पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथेच झाला.

फुटबॉल इथे ठळकपणे आला तो २०१४ मध्ये. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात मुंबई सिटीचे घरचे सामने इथे झाले आणि २० डिसेंबरचा अंतिम सामनाही. त्यात कोलकात्याच्या मोहम्मद रफिकने अगदी शेवटच्या क्षणी डोक्याने गोल करून केरळला हरवले. मग २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आला. २०२२ मध्ये तर एकाच वर्षात महिला फुटबॉलचे दोन अंतिम सामने इथे झाले. ६ फेब्रुवारीला आशिया चषकात चीनने दोन गोलांनी मागे पडूनही दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले आणि ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात स्पेनने कोलंबियाला १-० असे. क्रिकेटमध्ये भारतीय महिलांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी पहिला विश्वचषक उचलला तोही याच मैदानावर. एका जागी एवढे सामने निभावतात ते नुसत्या खुर्च्या मांडून नव्हे. म्हणून आता तळापासून सुरुवात करू.

पहिली पायरी जमिनीच्या पोटातली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. धान पिकवणाऱ्याला हे चटकन समजेल. बांधीत आपण पाणी धरून ठेवतो. रोवणीआधी चिखलणी करतो, त्याने खालचा थर घट्ट बसतो आणि पाणी मुरत नाही. फुटबॉलच्या मैदानाला याच्या बरोबर उलटे हवे. पडलेले पाणी थांबताच कामा नये.

त्यासाठी मोठ्या मैदानावर माती जवळजवळ ठेवतच नाहीत. सगळ्यात खाली जमीन ठोकून तिला बारीक उतार देतात. त्यात काही मीटरच्या अंतराने चर खणून भोके पाडलेले नळ टाकतात. त्यावर साधारण १० ते १५ सेंटिमीटर खडीचा थर, आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर धुतलेली वाळू. गवताची मुळे वाढतात ती या वाळूत. पाऊस वाळूतून खडीत, खडीतून नळात आणि नळातून बाहेरच्या गटारात जातो. नेरूळचे मैदानही वाळूच्या पायावर केलेले आहे. क्रिकेटच्या खेळपट्ट्यांसाठी मात्र तिथे दक्षिण आफ्रिकेहून माती मागवली होती.

हे सगळे करूनही पाऊस कधी कधी जिंकतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी याच मैदानावर ठरलेला भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. उलट २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसाने सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला, तरी दोन्ही बाजूंची पूर्ण पन्नास-पन्नास षटके ठेवता आली.

फुटबॉलमधले उदाहरण याहून बोलके आहे. २०१७ च्या विश्वचषकाचा ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना गुवाहाटीला ठरला होता. तिथे जोरदार पावसात आधीचा सामना झाला आणि हिरवळ इतकी खराब झाली की उपांत्य सामना ऐन वेळी कोलकात्याला हलवावा लागला. दुसरा उपांत्य सामना, माली विरुद्ध स्पेन, ठरल्याप्रमाणे २५ ऑक्टोबरला नेरूळला झाला. गुवाहाटीच्या लोकांनी तिकिटे काढून ठेवली होती. जमिनीखालचे पाणी नीट निघाले नाही की नुकसान असे थेट माणसांपर्यंत पोहोचते.

आपल्या गावच्या मैदानाला नळांचे जाळे परवडणार नाही. मग काय करायचे? आधी माती ओळखायची. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी भरून जोरात हलवावी व एक दिवस ठेवावी. वाळू लगेच तळाशी बसते, गाळ त्यावर, आणि चिकणमाती सगळ्यात वर आणि सगळ्यात उशिरा. कन्हार जमिनीत हा वरचा थर चांगलाच जाड दिसेल. नंतर मैदानात फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरावा, ते मुरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळात जाते ते पाहावे. रात्रभर तसेच राहिले, तर त्या जमिनीत मुरण्यावर विसंबता येत नाही. पाणी वरूनच वाहून काढावे लागेल.

वरून काढायचे तर मैदान मधोमध किंचित उंच हवे. फुटबॉलच्या मैदानाची रुंदी ६८ मीटर, म्हणजे मधल्या कण्यापासून बाजूच्या रेषेपर्यंत ३४ मीटर. शंभराला एक असा उतार धरला तर मध्यभाग कडेपेक्षा ३४ सेंटिमीटर उंच येतो. खेळताना तो जाणवतही नाही. कडेने एक उघडी नाली आणि ती पुढे नाल्याला जोडलेली, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

चूक होते ती इथेच. मैदान करायचे म्हटले की ट्रॅक्टर लावून ते बांधीसारखे सपाट केले जाते, वर मुरूम टाकून रोलर फिरवला जातो. पहिल्या पावसात गोलपुढे डबके साचते, कारण सर्वांत जास्त पाय तिथेच पडतात आणि खळगाही तिथेच होतो. मग डबक्यात आणखी मुरूम. दुसरी चूक म्हणजे नाली काढायची, पण ती मैदानाच्या कुंपणापाशीच संपवायची. पाणी पुढे कुठे जाणार हे ठरवल्याशिवाय पहिला फावडा मारू नये. मैदानासाठी निधी आला की प्रवेशद्वाराची कमान आधी उभी राहते आणि नाली मागे पडते. हा क्रम उलटा व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी गवताची. मोठ्या मैदानांवर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपल्या हरळीचेच कुळ, खेळासाठी निवडून तयार केलेल्या बारीक पानांच्या जाती. शेतात ज्या गुणामुळे हरळी आपल्याला हैराण करते, तोच गुण इथे कामाचा. ती जमिनीवर आणि जमिनीखाली आडव्या फांद्या सोडते, त्यामुळे बुटाने उखडले तरी पुन्हा भरून येते.

तिला दोन गोष्टी सोसत नाहीत, सावली आणि सततचे तुडवणे. स्टेडियमला छत जितके मोठे तितकी कडेच्या गवताला उन्हाची टंचाई. तुडवण्याचे दुखणे मात्र गावातले. सकाळी सराव, दुपारी शाळेची कवायत, संध्याकाळी सामना, शिवाय मधूनमधून मंडप. मंडपाचे खांब रोवलेले खड्डे बुजवले तरी खचतात आणि त्यात घोटे मुरगळतात. आठवड्यातून दोन दिवस तरी मैदान मोकळे ठेवावे. सराव एकाच गोलपुढे करू नये, सुटे छोटे गोल करून जागा बदलत राहावे. कापताना एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, नाहीतर मुळे कमकुवत होतात.

नेरूळसारख्या दुहेरी मैदानावर आणखी एक पेच असतो. क्रिकेटच्या खेळपट्ट्या चिकणमातीच्या, दगडासारख्या कडक केलेल्या, आणि त्या येतात नेमक्या मैदानाच्या मध्यभागी. आजूबाजूला वाळूवरची मऊ हिरवळ. धावता धावता पायाखालची जमीन बदलली की चेंडूची उसळी बदलते आणि गुडघ्यावर ताण येतो. म्हणून फुटबॉलच्या स्पर्धेआधी त्या पट्ट्यांवर हिरवळ आणावी लागते आणि ती मुळे धरेपर्यंत वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे तर मैदानात मधोमध सिमेंटची खेळपट्टी असते आणि तिच्यावरून मुले फुटबॉल खेळतात. नवे मैदान आखत असाल तर ती पट्टी कडेला घ्या. असलेली काढता येत नसेल तर फुटबॉल तिच्या एका बाजूला, लहान मापाचा खेळवा.

तिसरी पायरी आखणीची. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मैदान बहुधा १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. गोलखांबांमधले अंतर ७.३२ मीटर, आडव्या दांड्याची उंची २.४४ मीटर. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर, पेनल्टी क्षेत्र १६.५ मीटर पुढे येणारे. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर.

कोपरे काटकोनात आणायचे तर सुताराची युक्ती चालते. एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजावे. तिरके अंतर बरोबर ५ मीटर आले की कोन सरळ. लांब मैदानाला ६, ८ आणि १० मीटर घेतले तर चूक आणखी कमी होते.

रेषेच्या जाडीचाही हिशेब असतो. ती १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि गोलरेषा खांबांच्या जाडीएवढीच हवी. गोल कधी, तर पूर्ण चेंडू पूर्ण रेषा ओलांडेल तेव्हाच. नेरूळच्या त्या माली-स्पेन सामन्यात मालीचा एक जोरदार फटका आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागून आत पडला आणि बाहेर आला. चेंडू रेषेपलीकडे गेला होता असे पुनर्दृश्यात दिसले, पण पंचांनी गोल दिला नाही. स्पेन ३-१ जिंकले. मालीच्या मुलांचे वाईट वाटते. पंचांच्या मदतीला तेव्हा तिथे पडद्यावरची तपासणी नव्हती. २०२२ च्या मुलींच्या विश्वचषकात ती होती. वेगळ्या खोलीत बसलेले साहाय्यक पंच वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे पाहून मुख्य पंचाला कानात सांगतात, तिलाच व्हीएआर म्हणतात.

रेषा आखताना आपल्याकडे एक धोका सर्रास पत्करला जातो. चुना. तो नीट विरवलेला नसेल तर पावसात किंवा घामात कातडी भाजते, आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पाण्यात मिसळायचा पांढरा रंग वापरावा, नाहीतर खडूची भुकटी. खर्च थोडा जास्त येतो, तो करावा.

याहून मोठा धोका गोलखांबांचा. लोखंडी गोल नुसता जमिनीवर ठेवलेला असला आणि मूल आडव्या दांड्याला लोंबकळले, तर तो पुढे उलटतो. जगभर यात मुले दगावली आहेत. खांब जमिनीत गाडावेत, आणि हलवता येणारा गोल असेल तर मागच्या पट्टीवर वाळूच्या भरलेल्या गोण्या ठेवून ती खुंट्यांनी जखडावी. खेळ संपला की असा गोल भिंतीकडे तोंड करून साखळीने बांधावा. रेषेबाहेर किमान तीन मीटर तरी काहीही नको, ना दगड, ना काटेरी तार, ना पंचांच्या मोटारसायकली.

आता वर, प्रेक्षकांकडे पाहू. नेरूळच्या स्टेडियमचे छत पुढच्या बाजूने खांबांवर टेकलेले नाही. त्याचा भार मागे पेललेला आहे आणि पुढचा भाग अधांतरी बाहेर येतो, म्हणून कुठल्याही खुर्चीवरून नजरेपुढे खांब येत नाही. अशा छताला वजनापेक्षा वाऱ्याची भीती अधिक. वारा खालून शिरला की छत वर उचलू पाहतो, त्यामुळे मागचा आधार खेचही सोसणारा लागतो.

पायऱ्यांची उंची मनाला येईल तशी ठेवलेली नसते. बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या रेषेपर्यंत दोरी ताणली असे समजा. ती पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा साधारण ९ सेंटिमीटर वरून गेली, तर सामना नीट दिसतो. हे अंतर प्रत्येक ओळीला मिळायचे तर मागच्या पायऱ्या अधिकाधिक उंच कराव्या लागतात. म्हणूनच मोठ्या स्टेडियमचा वरचा मजला उभा चढ वाटतो. गावातल्या गॅलरीत सगळ्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या बांधतात, म्हणून मागच्या ओळीतली माणसे उभी राहतात आणि मग सगळेच उभे राहतात.

क्रिकेटचे मैदान गोलसर, फुटबॉलचे आयत. गोलसर मैदानाची रुंदी १४० मीटर धरली आणि त्यात ६८ मीटरचा आयत बसवला, तर दोन्ही बाजूंना ३६-३६ मीटर मोकळी जागा उरते. म्हणजे पहिल्या ओळीतला प्रेक्षकही खेळापासून तितका लांब. निव्वळ फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हेच अंतर आठ-दहा मीटरचे असू शकते आणि खेळाडूंचा श्वास ऐकू येतो. नेरूळला फुटबॉल पाहायचा तर वरच्या मजल्याचे तिकीट घ्यावे. दूर असले तरी संघांची मांडणी तिथून स्पष्ट कळते.

या स्टेडियमची क्षमता कुठे ४५ हजार, कुठे ५५ हजार अशी वाचायला मिळते. गोंधळून जाऊ नये. समालोचक आणि वार्ताहरांची मेजे, कॅमेऱ्यांचे मचाण, दोन संघांच्या चाहत्यांमध्ये रिकाम्या सोडलेल्या ओळी यात खुर्च्या जातात. प्रत्येक स्पर्धेत आकडा वेगळा येतो.

शेवटची पायरी बाहेर पडण्याची. जिवाशी गाठ असते ती इथे. १९७१ च्या २ जानेवारीला ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियममध्ये सामना संपताना एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे गेली. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात स्टँडमध्ये हाणामारी उसळली आणि धावपळीत १६ प्रेक्षक मेले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात मलांग इथे पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक फाटकांकडे धावले, आणि १३५ जण परतले नाहीत.

आयब्रॉक्सनंतर ब्रिटनमध्ये स्टेडियमच्या सुरक्षिततेची नियमपुस्तिका तयार झाली, तिला ग्रीन गाइड म्हणतात. तिचा हिशेब आपणही कागदावर करू शकतो. एक मीटर रुंद सपाट वाटेतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे सुरळीत जातात, जिन्यावरून ६६. सगळे प्रेक्षक आठ मिनिटांत मोकळ्या जागी जाणाऱ्या वाटेला लागले पाहिजेत. म्हणजे आठ मिनिटांत एका मीटरमधून ६५६ माणसे. ४५ हजार प्रेक्षकांना सपाट वाटांची एकूण रुंदी जवळजवळ ६९ मीटर लागते, आणि वाट जिन्यांची असेल तर ८५ मीटरच्या वर. म्हणून मोठ्या स्टेडियममध्ये एकच महाद्वार नसते. चहूबाजूंनी पुष्कळ फाटके असतात आणि प्रत्येक भागाचे आपापले जिने.

आता तालुक्याच्या मैदानावर कुंपणाच्या आत तीन हजार लोक जमले असे धरा. लागणारी रुंदी साडेचार मीटरहून थोडी जास्त. दोन अडीच-अडीच मीटरची फाटके, समोरासमोरच्या बाजूंना, एवढ्याने भागते. पण प्रत्यक्षात काय होते? एक फाटक पाहुण्यांच्या गाड्यांसाठी अडवलेले, दुसऱ्याला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते ठाऊक नाही, बाहेर लगेच भेळेच्या गाड्या. फाटक उघडे असणे पुरेसे नाही, त्यापुढची वाटही मोकळी हवी. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे आणि सामना सुरू असेपर्यंत तिथे किल्लीसह एक माणूस उभा असावा. लोक आत सोडताना संख्या मोजावी आणि भरले की थांबवावे, मग बाहेर कितीही ओळखीचे लोक उभे असोत.

नेरूळला स्वतः जायचे असेल तर आपल्याला वरठीचे भंडारा रोड स्थानक सोयीचे. गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस पकडून ठाण्याला उतरावे आणि तिथून नेरूळ किंवा पनवेलची लोकल घ्यावी. तिकिटावरचा फाटक क्रमांक आधीच पाहून ठेवावा, कारण चुकीच्या बाजूला पोहोचलात तर पूर्ण स्टेडियमला वळसा पडतो. आत बसल्यावर सगळ्यात आधी जवळचा बाहेरचा जिना कुठे आहे तो बघून घ्यावा, आणि सोबत लहान मुले असतील तर चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते ठरवावे.

सामना बहुतेक रात्रीचा असतो आणि मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळीच निघालेली असते. त्यामुळे परतीचे आरक्षण दुसऱ्या दिवसाचे करावे. घाई नसली की शिट्टी वाजल्यावर दहा-पंधरा मिनिटे खुर्चीवर बसून राहता येते. तेवढ्यात जिन्यांवरची गर्दी ओसरते, आणि माळी हातात खुरपे घेऊन उखडलेली हिरवळ जागच्या जागी दाबून बसवताना दिसतात. आपल्या मैदानासाठी शिकण्यासारखे ते कामही जरूर पाहावे.